व्हरांड्यातला पुकारा

जनाबाईमुळे मी वकील झालो. जनाबाई म्हणजे माझी थोरली बहीण. उमरेडला आमच्या कोष्टी मोहल्ल्यात ती लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिच्याजवळ बसून शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचायचो. तिला ऐकायला आवडायचं म्हणून मी वाचत राहिलो. वाचत राहिलो म्हणून पुढे शिकलो. आमच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. माझं वाचन ऐकता ऐकता ती स्वतः अक्षरं शिकली. मी नागपूरला नोकरीला लागलो तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. "कोर्टात काय काय होते ते मले लिहून पाठवत जाय गा. पन मले समजन असं लिही." तेव्हापासून कायद्याची कुठलीही गोष्ट ही जनाबाईला कशी सांगावी, असाच विचार मी आधी करतो. हा प्रसंगही तसाच सांगतो.

मी हायकोर्टात सरकारी वकिलांच्या ऑफिसात असिस्टंट होतो. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या सकाळी एका निकालाची नक्कल घ्यायला मी जिल्हा कोर्टात गेलो होतो. उन्हाळ्यात आमच्याकडे कोर्ट सकाळीच भरतं. दुपारी वकील, पक्षकार, न्यायाधीश, कोणालाच डोळे उघडे ठेवता येत नाहीत. आवारातल्या कडुनिंबांना मोहोर आला होता आणि त्याचा कडवट गोड वास व्हरांड्यात भरून राहिला होता. लोक खांबांना टेकून अर्धवट झोपेत बसले होते. आज आठवतो तेव्हा तो सगळा उन्हाळा मला पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. माणसं हळू चालतात, हळू बोलतात, आणि जे व्हायचं ते मात्र पटकन होऊन जातं.

एक केस निघाली. पट्टेवाला दारात आला. केस निघाली की पक्षकाराचं नाव दारातून तीनदा ओरडायचं, अशी पद्धत आहे. त्याला पुकारा म्हणतात. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत माणूस आला नाही तर तो गैरहजर.

"हबीब वल्द करीम, हाजिर हो!"

निंबाखाली एक तिशीतला माणूस बायकोसोबत बसला होता. तो गडबडीने उठला. शर्टाचं वरचं बटण लावत पायऱ्या चढला. "हाजिर, हाजिर," म्हणत दारापाशी पोचला. बाकावर साध्या कपड्यातली दोन माणसं बसली होती. ती उठली आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. त्याला वाटलं, कोर्टाचीच माणसं आहेत. तो त्यांना म्हणाला, "आ रहा हूँ ना भाई, आ रहा हूँ." त्याचा एक पाय उंबऱ्यावर होता. त्यांनी त्याला तसंच मागे वळवलं आणि पायऱ्यांवरून खाली नेलं.

बायको डबा हातात घेऊन धावली. "अरे, उधर कहाँ ले जा रहे? साहब अंदर बुला रहे ना उनको!"

पट्टेवाल्याला काही कळलं नाही. त्याने नियमाप्रमाणे दुसरा पुकारा केला. मग तिसरा. तोवर हबीब पोलिसांच्या गाडीत बसला होता.

ती भानगड दोन दिवसांनी आमच्याच टेबलावर आली. हबीब हा कामठीचा विणकर. तिथेच जन्मलेला. बाप गेल्यावर मामाने त्याला पोरवयात कराचीला नेलं. काही वर्षांनी आई आजारी असल्याचं कळलं. तिकडून यायचं तर पासपोर्ट हवा, म्हणून त्याने तिकडचा पासपोर्ट काढला आणि आला. आई वाचली नाही. तो परत गेला नाही. बापाच्या मागावर बसला, लग्न केलं. त्या दोन खोल्यांच्या घरावर एका चुलतभावाने दावा लावला होता. त्याच दाव्याच्या तारखेला तो आला होता. आता पोलीस म्हणत होते की ज्याने तिकडचा पासपोर्ट घेतला तो परदेशी झाला, त्याला सरहद्दीवर नेऊन पलीकडे सोडायचं. तो पलीकडे गेला की घर, माग, बायको, सगळं इकडेच राहणार होतं.

त्याच्यातर्फे बडवाईक वकिलांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. माणूस कुठे ठेवला आहे आणि कोणत्या कायद्याने धरला आहे, ते सरकारने कोर्टाला सांगायचं.

सरकारतर्फे सांगायचं काम माझे साहेब, वैरागडे साहेब, यांचं. पोलिसांच्या ज्या शाखेने हबीबला धरलं तिथला सब-इन्स्पेक्टर ठाकूर ऑफिसात आला. साहेबांनी मुद्द्याचं विचारलं. एखादा माणूस इथला नागरिक उरला की नाही, हे पोलीस ठरवत नाहीत. कायद्याने ते दिल्लीचं केंद्र सरकार ठरवतं. त्याआधी त्याला परदेशी म्हणून हात लावता येत नाही.

"दिल्लीचं झालं आहे ना?" साहेब म्हणाले.

"झालं साहेब," ठाकूर म्हणाला.

"नक्की?"

"एकदम पक्कं."

पक्षकार वकिलाला जी माहिती देतो तिला आमच्याकडे इन्स्ट्रक्शन्स म्हणतात. वकील तिच्यावर विसंबून बोलतो. आणि सरकारी वकिलाचं एक वेगळंच असतं. तो उभा राहून 'असं आहे' म्हणाला की कोर्ट ते खरं धरतं. दुसऱ्यांना कागद मागतात. त्याला सहसा मागत नाहीत. ही जुनी चाल होती आणि साहेबांना तिचा अभिमान होता.

उन्हाळी सुट्टी लागली होती. सुट्टीतल्या एकाच न्यायमूर्तींपुढे अर्ज निघाला. बडवाईक वकील म्हातारे, जाडे आणि मिस्कील. ते म्हणाले, "माय लॉर्ड, कोर्टानंच नाव घेऊन बोलावलं आणि पोलिसानं उचललं. उद्या लग्नाच्या पंगतीतून उचलतील. पण पंगतीत निदान जेवायला तरी मिळतं."

न्यायमूर्ती हसले, पण त्यांनी विचारलं, "यात कायदा कोणता मोडला?" खरंच मोडला नव्हता. दिवाणी हुकमावरून, म्हणजे समजा पैसे थकवले म्हणून, कोर्टात आलेल्या माणसाला धरता येत नाही. पोलिसांना ती आडकाठी नाही.

मग बडवाईकांनी दुसरा मुद्दा काढला. दिल्लीने काही ठरवल्याचं हबीबला कोणी सांगितलं नव्हतं. न्यायमूर्तींनी आमच्याकडे पाहिलं. वैरागडे साहेब उठले. "केंद्र सरकारचा निर्णय झालेला आहे," असं त्यांनी सांगितलं आणि ते बसले.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर हबीबची बायको भिंतीला टेकून उभी होती. बडवाईक तिला काहीतरी समजावत होते आणि ती त्यांच्या तोंडाकडे न बघता वरच्या पंख्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही सह्या घ्यायला मी ठाकूरकडे गेलो. ठाकूर मोकळा माणूस. मला बाहेरच्या रसवंतीवर घेऊन गेला. चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी सहज म्हणालो, "दिल्लीच्या निर्णयाची प्रत आली की आमच्या फायलीला लावायला द्या."

"कोनती प्रत?"

"निर्णयाची."

"अरे वकीलसाहेब, आमचा रिपोर्ट गेला ना दिल्लीले. गेला म्हणजे झालं."

"पण तिकडून उत्तर?"

"उत्तर येते साल-दीड सालानं. तोवर काय मानूस मांडीवर घेऊन बसू? आजपर्यंत आमच्या एकाही रिपोर्टले दिल्लीनं नाही म्हटलं नाही. रिपोर्ट रवाना झाला की आम्ही ते काम निकाली धरतो. माझ्या आधीचे साहेबही असंच करत."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तो खोटं बोलला, असं त्याला वाटतच नव्हतं. त्यांच्या ऑफिसची रीत होती ती. मी विचारलं, "मग त्याला कोर्टाच्या दारातच काहून धरलं?"

"कामठीत विचारलं तर कोनी बोट दाखवत नाही. आमच्याकडे फोटो नाही. इथं कसं, कोर्टच नाव घेऊन बोलावते आन् तो स्वतःच हो म्हनते." त्याने ग्लास ठेवला. "घ्या, अजून अर्धा घ्या. आज दुपारच्या गाडीनं पाठवूनच राहिलो त्याले."

मी रस तसाच टाकून सायकल काढली.

साहेब धंतोलीत राहत. सुट्टीत ते लवकर जेवून आडवे होत. उन्हातून मी गेलो तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डांबर मऊ झालं होतं आणि पुढचा रस्ता थरथरत होता. साहेबांच्या बैठकीत खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या. त्यांवर पाणी ठिबकत होतं. आत हिरवा, गार अंधार. साहेब आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र. माझी नेमणूक तात्पुरती होती. पुढे ठेवायचं की नाही, ते साहेबांच्या शब्दावर होतं. मला परत जावंसं वाटलं, हे खरं सांगतो. मग उमरेडच्या आमच्या घरातला माग डोळ्यांपुढे आला. माणूस उठून गेला की माग किती मोठा दिसतो, ते मी बाप गेल्यावर पाहिलं होतं.

"साहेब, दिल्लीचा निर्णय झालेला नाही."

वर्तमानपत्र हललं नाही. "कोण म्हणतं?"

"ठाकूर."

"झाला आहे, हेही ठाकूरच म्हणाला होता."

"त्यांच्याकडे रिपोर्ट पाठवला की झालं असं धरतात."

वर्तमानपत्र खाली आलं. "पराते, ऑफिसात तुमचा हा कितवा उन्हाळा?"

"पहिला, साहेब."

"मग ऐका. हरलेली केस वकील उकरून काढतात. जिंकलेली उकरणारा मी अजून पाहिला नाही."

"हो, साहेब."

"मग उभे का आहात?"

"त्याची गाडी आज दुपारची आहे."

 ताटीवरून पाणी ठिबकत राहिलं. आतून बाईसाहेबांनी पन्हं पाठवलं. ते मी हातात धरून उभा राहिलो. साहेबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले.

"मी काय शब्द वापरले होते?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"'निर्णय झालेला आहे,' असे."

"'मला मिळालेल्या माहितीप्रमाणे' म्हणालो होतो का?"

"नाही, साहेब."

"म्हणायला हवं होतं." ते उठले. "माझा कोट द्या. आणि ते पन्हं पिऊन टाका, चक्कर येऊन पडाल."

साहेबांच्या जुन्या मॉरिस गाडीतून आम्ही आधी बडवाईकांकडे गेलो. समोरच्या वकिलाला सोडून न्यायमूर्तींकडे जायचं नसतं. बडवाईक धोतरावर काळा कोट चढवत बाहेर आले. "काय गा पराते, सरकार जिंकूनही झोपू देत नाही?" मग साहेबांचं तोंड पाहून ते गाडीत बसले.

सुट्टीतली निकड असली की न्यायमूर्ती बंगल्यावरच ऐकून घेत. सिव्हिल लाइन्समधला तो बंगला झोपेत होता. मोठाली आंब्याची झाडं, त्यांच्या सावलीत माळी उपरणं तोंडावर घेऊन पडलेला, कुठेतरी एकच कोकीळ. न्यायमूर्ती पांढऱ्या सदऱ्यात व्हरांड्यात आले आणि वेताच्या खुर्चीत बसले. घरातलं कोणी जागं होऊ नये म्हणून की काय, आम्ही सगळे हळू बोलत होतो. इतक्या महत्त्वाच्या गोष्टी इतक्या हलक्या आवाजात बोललेल्या मी नंतर कधी ऐकल्या नाहीत.

साहेब उभेच राहिले. "माय लॉर्ड, काल मी जे सांगितलं ते चूक होतं. निर्णय झालेला नाही. फक्त रिपोर्ट गेला आहे."

न्यायमूर्ती त्यांच्याकडे पाहत राहिले. "मिस्टर वैरागडे, माझ्यापुढे तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काहीच नव्हतं."

"कल्पना आहे."

"म्हणून तर मी काही मागितलं नाही."

"तीही कल्पना आहे, माय लॉर्ड."

बडवाईकांना बोलायची केवढी संधी होती. ते नुसते आंब्याकडे बघत राहिले.

न्यायमूर्तींनी चहाची तिपाई ओढून घेतली आणि तिच्यावरच हाताने हुकूम लिहिला. केंद्र सरकार ठरवीत नाही तोवर या माणसाला परदेशी म्हणून अटकेत ठेवू नये, कुठे हलवू नये, ताबडतोब सोडावं. खाली आणखी एक ओळ लिहिली. कोर्टाच्या पुकाऱ्याचा उपयोग पोलिसांनी माणूस ओळखण्यासाठी करू नये, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा, हुकूम नाही. तेवढा कायदा त्यांच्या हातात नव्हता.

हुकूम घेऊन बडवाईक आणि मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. पत्रे तापून फलाट भट्टीसारखा झाला होता. तिसऱ्या वर्गाच्या एका खिडकीचे गज धरून हबीबची बायको बाहेर उभी होती.  आत हबीब दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. बेडीवर गमछा टाकला होता. ठाकूरने हुकूम वाचला, पुन्हा वाचला.

"वकीलसाहेब, कालच तर हे आमच्याकडून होते," तो माझ्याकडे बोट दाखवून बडवाईकांना म्हणाला.

"आजही आहेत," बडवाईक म्हणाले. "बेडी काढ."

"आन् हे तिकीट? हे काय मी वापरू?"

"जाऊन ये. हवा बदलेल."

ठाकूर कुरकुरत शिपायांना सांगायला डब्यात चढला. मी खिडकीपाशी गेलो. आनंदाची बातमी आपण सांगावी असं मला वाटलं. मी मोठ्याने हाक मारली, "हबीब करीम!"

त्याने वर पाहिलं नाही. मला वाटलं, गलक्यात ऐकू गेलं नसेल. पुन्हा हाक मारली. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि मान आणखी खाली घातली. तो दुसराच कोणी आहे, असं तो दाखवत होता.

शेवटी बायकोच म्हणाली, "यही हैं, साहब." मग गजांतून हात घालून तिने त्याच्या खांद्याला हात लावला. "उतरो जी. उतरो. घर चलना है."

तो उतरला तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी आम्हालाच धरावं लागलं. हात धरताच तो दचकला. मी हात सोडला आणि नुसता शेजारून चालत राहिलो.

साहेबांनी माझी नेमणूक पुढे चालू ठेवली. त्या दुपारबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी मात्र जनाबाईला लिहिलं. पाऊस लागल्यावर लिहिलेलं दुसरं पत्र तिच्या पेटीतून मला परत मिळालं. ते असं:

"ती. जनाबाईस शंकरचा साष्टांग नमस्कार.

तू विचारलंस की त्या हबीबचं पुढे काय झालं. तो घरी आहे. दिल्लीचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, तोवर त्याला कोणी हात लावू शकत नाही. ठाकूर अजूनही रिपोर्ट पाठवतो, पण आता आमचे साहेब त्याला प्रत्येक वेळी विचारतात, उत्तर आलं का, दाखव. त्यामुळे कामं तुंबली आहेत आणि ठाकूर माझ्याशी बोलत नाही. मला यातून एवढंच समजलं, की ज्या जागी आपलं बोलणं कोणी तपासून पाहत नाही, त्या जागी उभं राहण्याआधी ते आपणच तपासून घ्यावं.

त्याच्या घराच्या दाव्याची तारीख परवा होती. माझं त्यात काही काम नव्हतं, तरी मी जाऊन उभा राहिलो. व्हरांड्यात पोलीस नव्हते. पट्टेवाल्याने नाव पुकारलं. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा त्याची बायको पायऱ्या चढून आली आणि हाजिर म्हणाली. लोक हसले. न्यायाधीशांनी विचारलं, नवरा कुठे आहे? ती म्हणाली, बुखार है. कधीपासून? ती म्हणाली, उस दिन से. न्यायाधीशांनी कोणत्या दिवसापासून, कसला ताप, काही विचारलं नाही. पक्षकार आजारी, असं लिहिलं आणि कमिशनर नेमला. कमिशनर म्हणजे कोर्टाने पाठवलेला वकील. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी जाऊन त्याची साक्ष लिहून घ्यायची, हे त्याचं काम.

काल कमिशनर आणि दोन्ही बाजूंचे वकील बसने कामठीला गेले होते. या दाव्यातही त्याचे वकील बडवाईकच, त्यांनी सांगितलं. हबीब मागावर बसलेला होता, अंगात काही ताप नव्हता. त्याने सगळ्यांना पाणी दिलं. कमिशनरने पहिला प्रश्न नेहमीचाच विचारला, तुमचं नाव काय? त्याने आधी दाराबाहेर पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हा सांगितलं.

तुझा,
शंकर"